न मोडलेली साखर : गुरांमधला मॅनोसिडोसिस

साखर साठण्याचा आजार म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात मधुमेह येतो. आजच्या व्याख्यानातली साखर ती नव्हे, हे आरंभीच स्पष्ट करतो. मधुमेहात रक्तातले ग्लुकोज वाढते. आज ज्या साखरांविषयी बोलायचे आहे त्या पेशींच्या आत साठतात, आणि त्या सुट्या नसतात. दोन-तीन घटकांपासून आठ-दहा घटकांपर्यंतच्या साखळ्यांच्या रूपात असतात. खाण्यापिण्याशी त्यांचा संबंध नसतो. शरीराने स्वतःच बांधलेली साखळी त्याला पुन्हा मोडता येत नाही, म्हणून ती साठत जाते. मॅनोसिडोसिस हा असाच एक आजार. त्याचा दोष आईबापांकडून येतो, आणि गायी, शेळ्या, मांजरे, कुत्री, गिनीपिग आणि माणूस अशा अनेकांत तो आढळला आहे. मी मुख्यतः अँगस जातीची वासरे आणि न्युबियन जातीच्या शेळ्या यांविषयी बोलणार आहे. साठलेली साखळी हाच या आजारांतला पुरावा असतो. तिची घडण नीट वाचली तर कोणते विकर, म्हणजे साखळी तोडणारे कोणते एन्झाइम, नाहीसे झाले आहे ते कळते, आणि निरोगी पेशी आपले रोजचे काम कोणत्या क्रमाने करते हेही उलगडते. हे वाचन ज्या जनावरांमुळे शक्य झाले त्यांचा उल्लेख वैद्यकाच्या वर्गांत फार थोडा होतो, आणि मला ते खटकते.

आपल्या शरीरातली बरीचशी प्रथिने नुसती प्रथिने नसतात, त्यांच्या अंगावर साखरेच्या फांद्या असतात. यांतल्या एका मोठ्या गटाची बांधणी ठरावीक पद्धतीने होते. पेशीच्या आत, आंतर्द्रव्यजालिकेत, चौदा घटकांची एक फांदी आधीच तयार केली जाते. तिच्या बुडाशी एन-अॅसिटिलग्लुकोसमीनचे दोन घटक असतात, त्यांवर मॅनोज या साखरेचे नऊ घटक आणि एका टोकाला ग्लुकोजचे तीन. ही अख्खी फांदी प्रथिनावर चढवली जाते आणि मग तिची छाटणी व पुनर्बांधणी होते. शेवटी फांदीचे रूप काहीही झाले, तरी तिच्या गाभ्यात मॅनोजचे तीन आणि एन-अॅसिटिलग्लुकोसमीनचे दोन घटक कायम राहतात. या पाच घटकांचा गाभा लक्षात ठेवावा, कारण पुढची सगळी चर्चा त्याच्याभोवती फिरणार आहे.

प्रथिन जुने झाले की ते मोडीत निघते. हे काम लयकारिकांमध्ये, म्हणजे लायसोसोममध्ये चालते. पेशीतल्या या आम्लधर्मी पिशव्यांचा शोध बेल्जियमचे क्रिस्तियाँ द ड्यूव्ह यांनी १९५५ मध्ये जाहीर केला आणि १९७४ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. त्यांचेच सहकारी हेन्री-जेरी हर्स यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले की पाँपे या आजारात लयकारिकेतले एकच विकर नसते आणि तेवढ्याने ग्लायकोजन, म्हणजे ग्लुकोजची साठवणीतली साखळी, साठून राहते. लयकारिकेत एखादे विकर नसेल तर त्या विकराने जे मोडायचे तेच आत अडकून पडते, ही कल्पना तिथून रुजली.

मोडणीचा क्रम काटेकोर असतो. फांदीच्या बाहेरच्या टोकाकडून एकेक घटक सुटत जातो आणि प्रत्येक प्रकारच्या जोडासाठी वेगळे विकर लागते. पुनर्बांधणीत टोकाला चढलेले सियालिक आम्ल गेल्याशिवाय गॅलॅक्टोज सुटत नाही, गॅलॅक्टोज गेल्याशिवाय त्याखालचे एन-अॅसिटिलग्लुकोसमीन सुटत नाही, आणि ते गेल्याशिवाय मॅनोज उघडे पडत नाही. गोव्यात आणि कोकणात गोफ विणण्याचा नाच ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे चटकन समजेल. विणलेला गोफ सोडवताना उलट पावलांनी, त्याच क्रमाने जावे लागते, आणि एक गडी जागीच थांबला तर पुढच्या कुणालाच हलता येत नाही. बाकीची सगळी विकरे शाबूत असूनही एका विकराच्या अभावी सगळी मोडणी अडते ती अशी.

आता अँगसच्या वासरांकडे येऊ. १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियातील व्हिटम आणि वॉकर या दोघांनी या जातीच्या वासरांमधल्या चेतापेशींच्या एका आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. वासरू जन्मते तेव्हा बहुधा धडधाकट दिसते. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी त्याची मान हलू लागते, डोके बारीक थरथरते, चाल डगमगते आणि पाय फाकवून उभे राहण्याची सवय लागते. त्याला हाकलले, पळवले किंवा कळपात दामटले की लक्षणे वाढतात. काही वासरे अंगावर येतात, आणि हा चिडखोरपणा पाळणाऱ्यांच्या हमखास लक्षात राहतो. खाणेपिणे चालू असूनही वाढ खुंटते. बहुतेक वासरे वर्षाच्या आत मरतात, नाहीतर पाळणाराच त्यांना मारून टाकतो.

अशा वासराच्या मेंदूचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर चेतापेशी फुगलेल्या दिसतात आणि त्यांच्या आत लहान लहान रिकाम्या पोकळ्या दाटीने भरलेल्या असतात. तशाच पोकळ्या यकृतातल्या आणि लसिकाग्रंथींतल्या भक्षकपेशींत असतात, स्वादुपिंडाच्या पेशींतही असतात. पाहणाऱ्याला वाटते की इथे स्निग्ध पदार्थ साठला असावा, कारण मेंदूतले तोपर्यंत माहीत असलेले साठवणीचे आजार बहुतांशी स्निग्ध पदार्थांचेच होते. पण स्निग्ध पदार्थांचे रंग लावून पाहिले तर या पोकळ्या रंगत नाहीत. म्हणूनच १९५७ च्या त्या लेखात या आजाराला ‘स्यूडोलिपिडोसिस’, म्हणजे स्निग्ध-संचयाचा आभास, असे नाव दिले गेले. पोकळ्या खरोखर रिकाम्या नव्हत्या. त्यांत होत्या पाण्यात सहज विरघळणाऱ्या साखळ्या, आणि काप तयार करताना तो ज्या द्रवांतून न्यावा लागतो त्यांत त्या धुऊन गेल्या होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली उरली होती ती फक्त साखळ्यांनी अडवलेली जागा.

हे कोडे सुटायला पंधरा वर्षे लागली. मधल्या काळात, १९६७ मध्ये, स्वीडनच्या लुंड येथील ऑकरमन यांनी एका लहान मुलाच्या ऊतींमध्ये मॅनोजयुक्त साखळ्या साठल्याचे आणि अल्फा-मॅनोसिडेज हे मॅनोजचा जोड तोडणारे विकर जवळजवळ नसल्याचे दाखवले. पुढे न्यूझीलंडमधल्या मॅसी विद्यापीठातील हॉकिंग, जॉली आणि बॅट यांनी १९७२ मध्ये अँगस वासरांतही हेच विकर नाही हे सिद्ध केले. दोन्ही आजार एकच निघाले : अल्फा-मॅनोसिडोसिस. माणसात अतिशय विरळा असलेला हा आजार गुरांत कळपाच्या पातळीवर हाताशी आला आणि अभ्यासाला गती मिळाली. रॉबर्ट जॉली यांनी पुढची अनेक वर्षे या विषयाला वाहून घेतले. माझ्या मते पशुविकृतिशास्त्राने मानवी वैद्यकाला दिलेल्या मोठ्या देणग्यांत या कामाची गणना व्हायला हवी.

पाण्यात विरघळणे हा गुण काप पाहणाऱ्याला चकवतो, पण रसायनतज्ज्ञाला मदत करतो. पेशींतून निसटलेल्या साखळ्या रक्तात येतात आणि तिथून लघवीत उतरतात. आजारी जनावराच्या लघवीचा एक थेंब सिलिकाचा पातळ थर दिलेल्या पट्टीवर ठेवून द्रावक चढू दिला, की लहान साखळ्या पुढे जातात आणि लांब साखळ्या मागे राहतात. पट्टी वाळवून तिच्यावर ऑर्सिनॉल आणि गंधकाम्ल फवारून ती तापवली की साखरेचे पट्टे जांभळट रंगाने उठून दिसतात. निरोगी जनावराच्या लघवीत या जागी जवळजवळ काही नसते, आजारी जनावराच्या लघवीत मात्र शिडीच्या पायऱ्यांसारखे पट्टे असतात. एवढ्या साध्या साधनाने रोगाच्या जातीचा अंदाज येतो. प्रत्येक पट्टा वेगळा काढून त्याची घडण तपासली की अंदाजाची खात्री होते.

आणि इथे एक नवल समोर आले. अल्फा-मॅनोसिडोसिस झालेल्या माणसाच्या लघवीतल्या साखळ्यांच्या बुडाशी एन-अॅसिटिलग्लुकोसमीनचा एकच घटक असतो. गायीच्या आणि मांजराच्या साखळ्यांत मात्र तिथे मुख्यतः दोन घटक सापडतात. नसलेले विकर तेच, जनुक तेच, मग हा फरक कुठून आला? साखळीच्या बुडाशी असलेल्या दोन घटकांमधला जोड तोडणारे कायटोबायेज नावाचे विकर माणसाच्या आणि उंदराच्या लयकारिकांत काम करते. गाय, शेळी, मेंढी, डुक्कर, कुत्रा, मांजर यांच्या लयकारिकांत त्याचे काम आढळत नाही. म्हणजे माणसाच्या पेशी साखळी दोन्ही टोकांनी मोडतात, गायीच्या पेशी केवळ बाहेरच्या टोकाकडून मोडत खाली येतात. निरोगी जनावरात हा फरक कधी नजरेस आला नसता, कारण दोन्ही वाटांनी शेवटी साखळी नाहीशीच होते. मोडणी मध्येच अडली तेव्हाच कोणती वाट कुठून जाते ते दिसले. मला स्वतःला या सगळ्या विषयात हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

शेळ्यांच्या आजाराने हेच आणखी स्वच्छ दाखवले. गाभ्यातल्या तीन मॅनोजपैकी दोन अल्फा जोडाने जोडलेले असतात आणि सर्वांत आतला एकच बीटा जोडाने. तो तोडायला बीटा-मॅनोसिडेज हे वेगळे विकर लागते. न्युबियन जातीच्या काही करडांत हे विकर नसते. अशी करडे जन्मतःच उभी राहू शकत नाहीत. पुढच्या पायांचे गुडघे आखडलेले, अंगाला जोराचा कंप, डोळे एका लयीत सतत हलत असलेले, कवटी घुमटाकार, आणि बहिरेपण. अल्फा-मॅनोसिडोसिसच्या वासराला निदान थोडे निरोगी दिवस मिळतात, या करडांना तेही मिळत नाहीत, कारण त्यांच्या मेंदूतल्या तंतूंवरचे मायलिनचे वेष्टन गर्भातच नीट घडत नाही. मिशिगन स्टेट विद्यापीठातील मार्गारेट जोन्स यांनी रॉजर लेन यांच्यासह १९८१ मध्ये अशा करडांच्या मेंदूत साठलेली त्रिघटकी साखळी ओळखली : एक मॅनोज आणि त्याखाली एन-अॅसिटिलग्लुकोसमीनचे दोन घटक. माणसातला बीटा-मॅनोसिडोसिस तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हता. तो १९८६ मध्ये सापडला आणि त्या रुग्णांत साठलेली साखळी दोनच घटकांची निघाली, एक मॅनोज आणि एक एन-अॅसिटिलग्लुकोसमीन. कायटोबायेजचे गणित इथेही तंतोतंत जुळले. शेळीत काय शोधायचे ते आधी कळले होते, म्हणून माणसात ते ओळखू आले.

अशाच रीतीने अडणाऱ्या मोडणीचे इतरही नमुने आहेत. इंग्लिश स्प्रिंगर स्पॅनियल कुत्र्यांत फ्यूकोजचा जोड तोडणारे विकर नसल्याने फ्यूकोसिडोसिस होतो, ऑस्ट्रेलियातील शॉर्टहॉर्न आणि ब्राह्मण गुरांत ग्लायकोजन साठते, सयामी मांजरांत सल्फेटयुक्त लांब साखळ्या साठून हाडे वेडीवाकडी होतात. प्रत्येकाविषयी स्वतंत्र व्याख्यान होऊ शकेल, म्हणून इथे नुसता उल्लेख करून पुढे जातो.

हा दोष कळपात पसरतो कसा? आजार अप्रभावी जनुकाचा आहे. दोष आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून आला तरच वासरू आजारी पडते. एकाकडूनच आला तर ते वाहक राहते, त्याच्या शरीरात विकराचे काम साधारण निम्मे चालते आणि तेवढे पुरेसे असल्याने ते पूर्ण निरोगी दिसते. न्यूझीलंडच्या अँगस गुरांत १९७० च्या दशकात सुमारे १० टक्के जनावरे वाहक असल्याचा अंदाज होता. हिशेब करून पाहा. दोन्ही पालक वाहक असण्याची शक्यता शंभरात एक, आणि अशा जोडीच्या चार वासरांपैकी सरासरी एक आजारी, म्हणजे चारशे वासरांमागे एक. पाळणाऱ्याच्या एका कळपात अनेक वर्षांत एखादेच वासरू असे निघते, तो ते दुर्दैव म्हणून सोडून देतो, आणि वाहक वळू मात्र पैदाशीसाठी विकले जात राहतात.

जॉली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचार केला की निम्मे विकर रक्तात मोजता आले तर वाहक जनावर आधीच ओळखता येईल. रक्तद्रव घ्यायचा, त्यात मॅनोजला जोडलेला एक रंगहीन रेणू आम्लधर्मी द्रावणात मिसळायचा आणि ठरलेला वेळ थांबायचे. विकराने मॅनोज तोडला की सुटा झालेला भाग अल्कली घालताच पिवळा पडतो, आणि पिवळेपणाच्या प्रमाणावरून विकर किती आहे ते समजते. सांगायला ही रीत सोपी वाटते. प्रत्यक्षात विकराचे प्रमाण वयानुसार बदलते, ऋतूनुसार बदलते, कळपागणिकही बदलते, म्हणून प्रत्येक जनावराची तुलना त्याच्याच कळपातल्या समवयस्क जनावरांशी करावी लागते, आणि सीमेवरची जनावरे पुन्हा तपासावी लागतात. हे किचकट काम न्यूझीलंडने आणि ऑस्ट्रेलियाने देशपातळीवर केले. पैदाशीचे वळू तपासले, वाहक वगळले, आणि काही वर्षांतच आजार झपाट्याने मागे हटला. जनुकातला नेमका दोष १९९७ मध्ये सापडला. अँगसमध्ये या विकराच्या ३२१ व्या जागी फेनिलॲलॅनिनऐवजी ल्यूसीन आले आहे. गॅलोवे जातीत, जिथे वासरे बहुधा मृत जन्मतात किंवा जन्मल्यावर लगेच मरतात, तिथे २२१ व्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन. तेव्हापासून तपासणी थेट डीएनएवर होऊ लागली आणि सीमेवरच्या जनावरांचा प्रश्न मिटला. पण आजार आटोक्यात आला होता तो त्याआधीच, जनुकाचा एकही अक्षरक्रम माहीत नसताना, निव्वळ पिवळ्या रंगाच्या मोजमापावर.

जनुक पूर्ण निर्दोष असतानाही हाच आजार होऊ शकतो. ऑस्ट्रेलियात स्वेनसोना नावाची शेंगवर्गीय रानवनस्पती दीर्घकाळ खाल्लेली गुरे आणि मेंढ्या अशाच डगमगतात. पर्थच्या मर्डॉक विद्यापीठातील डॉर्लिंग, हक्स्टेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८-७९ मध्ये दाखवले की त्या वनस्पतीतला स्वेनसोनीन हा अल्कलॉइड अल्फा-मॅनोसिडेजच्या कामाच्या जागी जाऊन बसतो आणि ते विकर बंद पाडतो. अमेरिकेतल्या पश्चिमेकडच्या कुरणांत ‘लोकोवीड’ म्हणून कुप्रसिद्ध असलेल्या वनस्पतींतही तोच पदार्थ निघाला. पुढे असेही कळले की लोकोवीडमध्ये तो वनस्पती स्वतः बनवत नाही, तिच्या आत राहणारी बुरशी बनवते. फरक एवढाच की अनुवंशिक आजारात विकर कधीच परत येत नाही. इथे चरण वेळीच बंद केले तर स्वेनसोनीन काही दिवसांत शरीराबाहेर पडतो, विकर पुन्हा कामाला लागते आणि पोकळ्या ओसरतात. ज्या चेतापेशी मरून गेल्या त्या मात्र परत येत नाहीत.

हा भाग आपल्याला परका वाटू नये. आपल्याकडे ओढ्यांच्या आणि तळ्यांच्या काठाने, शेताच्या कुंपणाला, गटारांच्या कडेला जांभळट गुलाबी फुलांची जी बेशरम माजलेली दिसते, ती मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली आहे आणि तिच्यातही स्वेनसोनीन असतो. ब्राझीलमध्ये ती सतत खाणाऱ्या शेळ्यांच्या मेंदूत अँगस वासरांसारख्याच पोकळ्या आढळल्या आहेत. एरवी शेळी तिला तोंड लावत नाही. उन्हाळ्यात सगळे सुकले आणि तीच एक हिरवी उरली की खाते, आणि एकदा खाऊ लागली की चटावते.

उपचारांचा इतिहासही जनावरांमधूनच जातो. लयकारिकेतली विकरे थोड्या प्रमाणात एका पेशीतून बाहेर पडून दुसरीत शिरू शकतात, आणि त्यांना योग्य ठिकाणी नेणारी खूण म्हणजे फॉस्फेट जोडलेले मॅनोजच असते. गायीला जुळे झाले की वारेतल्या रक्तवाहिन्या बहुधा जोडल्या जातात आणि दोन्ही वासरांत एकमेकांच्या रक्तपेशी आयुष्यभर राहतात. मॅसी विद्यापीठाच्या अभ्यासकांना १९७० च्या दशकात असे एक आजारी वासरू मिळाले, ज्याच्या अंगात निरोगी भावंडाच्या रक्तपेशी गर्भापासूनच होत्या. निसर्गानेच केलेला हा विकर-उपचाराचा प्रयोग होता. त्या पेशींचे विकर वासराच्या ऊतींपर्यंत पोहोचत होते, तरी मेंदूचा आजार टळला नाही. १९९४ मध्ये अल्फा-मॅनोसिडोसिस असलेल्या मांजरांवर लहानपणीच अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले गेले तेव्हा निकाल वेगळा आला. विकर चेतापेशींत पोहोचले, साठा ओसरला आणि मांजरे चालती-फिरती राहिली. माणसांसाठी वेल्मनेज अल्फा हे कृत्रिमरीत्या तयार केलेले विकर युरोपात २०१८ मध्ये आणि अमेरिकेत २०२३ मध्ये मान्य झाले. ते शिरेतून देतात. रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर ते ओलांडत नाही, म्हणून त्याला मान्यता मिळाली ती मेंदूबाहेरच्या लक्षणांसाठीच.

भारतात संकरित पैदाशीसाठी परदेशी वळूंचे रेत गेली कित्येक दशके वापरले जात आहे, आणि एका वळूच्या रेतमात्रा हजारो गायींपर्यंत पोहोचतात. रेत केंद्रांवरच्या होल्स्टीन वंशाच्या वळूंची काही अनुवंशिक दोषांसाठी डीएनए तपासणी करण्याचा नियम आपल्याकडे आहे, आणि तो योग्यच आहे. त्या यादीत साठवणीचे आजार नाहीत, कारण ते मुख्यतः मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या जातींत सापडले. म्हणून गोठ्यावर जाणाऱ्या पशुवैद्यांना माझी विनंती आहे. दोन-चार महिन्यांचे वासरू किंवा करडू मान हलवत डगमगत असेल, ताप नसेल, त्याच वळूची किंवा बोकडाची आणखी पिल्ले तशीच झाली असतील, तर आधी चराईत बेशरम आहे का ते पाहावे. नसेल तर जिवंतपणीच थोडी लघवी घेऊन गोठवून ठेवावी, रक्त गोठू न देता रक्तद्रव वेगळा काढावा, आणि जनावर मेले तर मेंदूचा एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये आणि दुसरा बर्फात ठेवावा. फॉर्मॅलिनमधल्या तुकड्यात फक्त पोकळ्या दिसतील. साखर सापडेल ती बर्फातल्या तुकड्यात आणि लघवीत.